भिंतीवर टांगलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी कोरी वही आहे. म्हणजे होते. आपली कहाणी सांगायला बसलेल्या छत्र्या, खुर्च्या आणि फाटके बूट शेवटी तुमच्या डोळ्यांतून पाणी काढतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला रडू येत नाही, राग येतो. सात महिने मी एका भिंतीवर लटकत होते आणि तेवढ्या काळात एका माणसाची आख्खी विद्या मातीत जायची वेळ आली. कुणी ती चोरली नाही की जाळली नाही. चार भल्या माणसांनी मिळून, माझं कौतुक करता करता हा पराक्रम केला.

माझा जन्म इथिओपियातल्या हरार गावचा. कोटाच्या आत एक गल्ली आहे. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, इतकी अरुंद. तिथे आव मुहेमिन यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आमच्याकडे बापाला आणि बापाच्या वयाच्या माणसाला 'आव' म्हणतात, आणि आईच्या वयाच्या बाईला 'आय'. आव मुहेमिन यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चाललेलं. पोथ्या बांधायच्या, जुन्या झाल्या की उसवून पुन्हा बांधायच्या. आता पोथ्या कमी झाल्या होत्या. लोक लग्नाकार्यात द्यायला, परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायला कोऱ्या वह्या बांधून घ्यायचे. पण बांधणी तीच, अस्सल.

मला बनवायला त्यांना पाच आठवडे लागले. माझे कागद शंखाने घोटून असे गुळगुळीत केले होते की माशी बसली तर घसरावी. आठ-आठ पानं दुमडून एकेक जुज तयार झाला, दाभणाने भोकं पडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवण पडली. ही सगळी कामं त्यांची एकुलती एक मुलगी रुमाना करायची. तिचा हात इतका सफाईदार की शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून दाखवा! पण त्यानंतर आव मुहेमिन मला उचलायचे आणि दुकानातल्या पडद्याआड घेऊन जायचे. तीन कामं पडद्याआडच व्हायची. खळ शिजवणं, पाठीच्या दोन्ही टोकांना रेशमाची वीण घालणं, आणि बकरीचं कातडं तांबडं रंगवणं. त्यांच्या खळीने बांधलेल्या पुस्तकाला शंभर वर्षांत कसर लागली नव्हती. त्या विणीने पुस्तकाची पाठ कधी फाटत नसे. आणि तो तांबडा रंग! जाऊ द्या, त्याच्याबद्दल पुढे बोलू.

आता पडदा कशाला, ते ऐका. घराण्याची रीत! मुलगी लग्न होऊन परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर विद्याही जाणार, म्हणून मुलीला ही तीन कामं सांगायची नाहीत. मुलगा असता तर सांगितली असती. मुलगा झाला नाही. बरं, तिशीपर्यंत पोरीच्या हातून हजारो जुज शिवून घेताना रीत आडवी आली नाही, फक्त सांगताना आली. हे मला त्या वयात कळत नव्हतं, मी जेमतेम अर्धी शिवलेली होते. आता कळतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तरी आव मुहेमिन दुष्ट नव्हते. रुमानाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मनाशी तोडगा काढला. मुलगी एकदा सासरी नांदायला लागली, गावातच राहणार हे नक्की झालं, की तिला सगळं सांगायचं. आणि तोंडी नाही, तर लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या पिढीलाही मिळेल. त्यासाठीच त्यांनी मला बांधलं. तांबडं कातडं, त्यावर चांदणीचे ठसे, पुढून पानांवर मिटणारी झडप आणि ती बांधायला चामड्याची वादी. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला रुमानाच्या मांडीवर ठेवलं.

"दर शुक्रवारी नमाज झाला की मी तुझ्याकडे येईन," ते म्हणाले. "मी सांगायचं, तू लिहायचं. तिन्ही कामं. माझ्यानंतर हे सांगायला कुणी नाही, पोरी."

"पडदा काढताय म्हणजे, आव?" रुमाना हसली. "मला वाटलं, पडदा मला हुंड्यात देणार."

"चावट कुठली!" ते म्हणाले.

काय सांगू मित्रांनो, मला केवढा अभिमान वाटला! माझ्या पानांवर काय उतरणार होतं ते त्या दोघांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी मिरवत मिरवत रुमानाबरोबर सासरी गेले आणि तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने हातोडी मागवली.

तिच्या सासूचं नाव आय फेतिया. बाई मनाने मोकळी, हाताने सढळ. पण हरारमधल्या घराच्या बैठकीची भिंत तुम्ही पाहिली नसेल, म्हणून सांगते. लाल ओट्यांच्या वर ती भिंत रंगीत टोपल्यांनी, ताटल्यांनी, वाडग्यांनी पार झाकलेली असते. नव्या सुनेची भिंत म्हणजे तिचं प्रगतिपुस्तक. बायका येतात, होजा, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा दुधाळ काढा पितात, आणि कपाच्या कडेवरून भिंत मोजतात. आय फेतियाने रुमानाने आणलेल्या टोपल्या लावल्या, मागे सरकून पाहिलं, आणि तिला मधोमध एक जागा रिकामी दिसली. मग तिला मी दिसले.

खिळा ठोकला आणि माझ्या वादीला धरून मला लटकवलं! मला! वहीला! उजवीकडे एक टोपली, डावीकडे एक टोपली, आणि डोक्यावर फुलं काढलेली ताटली. "आय, ती लिहायची आहे," रुमाना हळूच म्हणाली.

"लिही की, लिही. कोण नको म्हणतंय?" आय फेतिया म्हणाली. "पण वर्षभर नव्या भिंतीला हात लावायचा नाही हं. आमच्या घरात चालत नाही ते. माणसं काय म्हणतील, सून आली आणि सामान काढायला लागली?"

पहिल्या शुक्रवारी आव मुहेमिन आले. धुतलेला झब्बा, टोपी, खिशात बोरू आणि शाईची बाटली. ओट्यावर त्यांच्या मानाच्या जागी बसले, वर पाहिलं आणि मी दिसले. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, "अहो, काढा तिला खाली." तर नाही! मुलीच्या सासरी बापाने तोंडाने काही मागायचं नाही, हीसुद्धा रीतच. त्यांनी होजा घेतला, जावयाची चौकशी केली, आय फेतियाच्या हातच्या मेथीच्या रश्शाची तारीफ केली आणि बाटली न उघडता घरी गेले. दुसऱ्या शुक्रवारी तेच. पाचव्या शुक्रवारीही तेच! बाप वर बघायचा, मुलगी खाली बघायची, आणि मी मध्ये खिळ्याला. ओरडून ओरडून माझा घसा बसला असता, पण वहीला घसा देतो कोण?

आणि काय ते माझं कौतुक! येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगं बाई, किती सुंदर! हिच्यात लिहायचा तर जीवच होणार नाही." एका बाईने मला टोपलीचं झाकण समजून माझी झडप उचकटली आणि आत कागद बघून "अय्या!" म्हणाली. घरं बघायला येणारे परदेशी पाहुणे माझे फोटो काढायचे. एकाने तर नाक लावून मला हुंगलं. सगळ्यांनी हुंगलं, चाचपलं, वाहवा केली. आत काय लिहिलंय, असं एकानेही विचारलं नाही. डोंबलाचं कौतुक! उपाशी माणसाला जेवायला न घालता, त्याच्या सदऱ्याची तारीफ करत बसावं, तसलं ते.

रुमानाचा नवरा रेदवान मकिना गिरगिर नावाच्या शिंप्यांच्या गल्लीत शिलाई मशीन चालवायचा. सरळ माणूस. एका संध्याकाळी तो म्हणाला, "एवढं काय अडलंय? शाळेची वही आणून देतो. हे बघ, रेघासुद्धा आखलेल्या असतात."

त्याने खरंच आणली. पुढच्या शुक्रवारी रुमानाने ती बापापुढे ठेवली. मी वरून बघत होते. सांगते तुम्हाला, मला त्या वहीचा हेवा वाटला नाही. मी म्हटलं, लिहा बाबांनो, हिच्यात लिहा, पण एकदाचं लिहा!

आव मुहेमिन यांनी ती वही दोन बोटांनी उचलली. मागच्या बाजूला लोखंडी टाचण्या होत्या. "ह्याला टाचण्या मारल्यात," ते म्हणाले.

"असू देत ना, आव. अक्षरं काही टाचण्यांना अडत नाहीत."

"बांधणी कशी करायची, ते मी टाचणी मारलेल्या वहीत सांगू? मासळी कशी पोहते ते तळणीला विचारण्यातला प्रकार हा."

"मग माझ्या डोक्यात ठेवते. नुसतं सांगा."

"डोक्यातलं डोक्याबरोबर जातं. तुझ्या आजोबांचं अर्धं असंच गेलं." ते उठले. "राहू दे. भिंतीचं वर्ष संपेल की."

संपेल की! म्हाताऱ्या माणसाने किती सहज म्हटलं ते. जसं काही वर्ष त्यांच्या खिशातच होतं.

तुम्ही म्हणाल, बिचारी रुमाना तरी काय करणार? तिच्यावर तर माझा सगळ्यात जास्त राग. कारण एक दुपार अशी आली की घरात ती एकटीच होती. सासू नातेवाइकांकडे गेलेली, नवरा दुकानात. रुमानाने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. वादी सोडली, झडप उघडली. माझं पहिलं पान तिच्यासमोर आलं. तिने बोरू शाईत बुडवला. शिवण आणि घोटाई तिला येत होती, निदान तेवढं तरी लिहून ठेवणार होती ती. बोरू माझ्या कागदापासून बोटभर अंतरावर आला आणि थांबला.

"चुकलं तर?" ती स्वतःशीच म्हणाली. "खाडाखोड झाली तर? आवांनी पाच आठवडे खपून केलीय."

तिने एका चिठोऱ्यावर सराव केला. अक्षर वाकडं आलं म्हणून ती खट्टू झाली. मग तिने बोरू पुसला, माझं पान फुंकर मारून साफ केलं, त्यावर धूळसुद्धा नसताना, आणि मला परत खिळ्याला लावलं. अगं, मी कागद आहे, तुझं काळीज नाही, डाग पडू दे की! असं मी किती किंचाळले! त्या दिवशी मला सासूपेक्षा, रीतीपेक्षा माझ्या स्वतःच्या देखणेपणाची चीड आली. मी साधी, ओबडधोबड असते, तर पहिल्याच शुक्रवारी माझ्यात खळ शिजली असती.

सातव्या महिन्यात एका शुक्रवारी आव मुहेमिन आले नाहीत. शेजारचा माणूस धावत आला. दुकानात कातडं ताणता ताणता ते कोसळले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ गेली. "आ" आणि "हं", यापलीकडे शब्द फुटेना.

ही बातमी ऐकताच रुमाना माझ्याकडे वळली. मग तिने स्टूलसुद्धा घेतलं नाही. ओट्यावर चढली आणि मला अशी ओढली की खिळा भिंतीसकट बाहेर आला आणि शेजारची टोपली गडगडत खाली गेली.

"वेड लागलं का तुला!" आय फेतिया ओरडली. "बाप आजारी आहे त्याच्याकडे जा. भिंत कशाला फोडतेस?"

"ही भिंतीची नव्हती, आय! कधीच नव्हती! माझ्या बापाचं बोलणं होतं हिच्यात, आणि मी तुमच्या भिंतीसाठी ते लटकवून ठेवलं. तुमची भिंत तुम्हाला लखलाभ!"

असं कुणी सून सासूला बोलते? मी तर खूश झाले. पण आय फेतियाचा चेहरा पडला. ती ओट्यावर मटकन बसली. "माझ्या लग्नात भिंतीवर चार टोपल्या होत्या गं," ती म्हणाली. "त्यातल्या दोन शेजारणीच्या. तिने आठवड्यात परत मागून नेल्या. मला वाटलं, माझ्या सुनेवर ती वेळ नको." मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल. मी पण येते. रश्शाचं भांडं घे."

आव मुहेमिन दुकानातच खाटेवर पडले होते. रुमानाने मला त्यांच्यापुढे धरलं आणि शाई उघडली. "सांगा आव. खुणेने सांगा. खळीत काय घालता?" त्यांनी तोंड उघडलं. "आ... आ..." डाव्या हाताने हवेत काहीतरी ढवळलं. तिला कळेना; डाव्या हातात बोरू दिला, तर चिठोऱ्यावर नुसती वाकडी रेघ उमटली. तिने वीण विचारली. त्यांनी बोटं हलवली, ती बोटं कशातून कशात जातात कुणाला समजणार? त्यांच्या डोळ्यांतून रागाने पाणी आलं. मित्रांनो, मी पण तेव्हा हरले. मला सगळं माहीत होतं! ती खळ माझ्या पाठीत होती, ती वीण माझ्या दोन्ही टोकांना होती. पण मला तोंड नव्हतं आणि ज्याला तोंड होतं त्याचं बोलणं संपलं होतं.

मग म्हाताऱ्याने डाव्या हाताने उशाशी चाचपडून कातडं सोलायची सुरी काढली आणि रुमानाच्या हातात दिली. दुसऱ्या क्षणी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय? कापू?" रुमाना मागे सरकली. "हिला? नाही, आव. तुमच्या हातची माझ्याकडे ही एकच आहे. हिला मी नख लावणार नाही."

"आ!" असं ते ओरडले की गल्लीतलं कोंबडं दचकून पळालं. पुन्हा थाप मारली, आणखी जोरात. मला लागलं, पण मी मनात म्हटलं, मारा, आव, आणखी मारा, हिला अक्कल येईपर्यंत मारा.

"कापायला सांगतायत ना ते? मग काप की!" आय फेतिया म्हणाली. तीच, जिने सात महिने मला भिंतीवरून काढू दिलं नाही! "आता बाप मोठा की वही?"

रुमानाने सुरी लावली.

पहिला टाका तुटला, तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. दुखलं, हे खरं. रेशमाची वीण ती एकेक फेरा उलगडत गेली. एक फेरा सोडायची, मग माझ्याच एका पानावर त्याचं चित्र काढायची, आणि बापाला दाखवायची. चुकलं की ते मान हलवायचे. ती खोडायची. खाडाखोड! माझ्या शंखाने घोटलेल्या पानावर खाडाखोड! शेवटचं काम आधी सुटतं, म्हणून तिने मागच्या पानापासून सुरुवात केली, म्हणजे पुढून वाचलं की काम ओळीने यावं. तीन दिवस लागले. माझं कव्हर उतरलं, पाठीचं कापड निघालं, आणि आत खळीचा पिवळट थर दिसला.

तिने त्याचा कपचा काढून जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं. "कडू. कोरफड?" ते मान हलवतात, नाही. "कडुनिंब?" नाही. आय फेतियाने पण एक कपचा चाखला, विचार केला आणि म्हणाली, "अगं, बाळंतिणीला देतात तसलं लागतंय. हिराबोळ!"

"हं! हं! हं!" आव मुहेमिन हसायला लागले. एका बाजूनेच, पण हसले. रुमानाने लिहिलं. शाईचा थेंब पडला, आणि तिने तो पुसला नाही.

पण सगळं मिळालं असं समजू नका. तांबडा रंग गेला. रंग उसवता येत नाही, चाखूनही कळत नाही. झाडांच्या साली आणल्या, मुळं आणली, त्यांच्यापुढे मांडली. कुठल्यातरी दोन गोष्टींवर ते मान डोलवत आणि तिसरी न मिळाल्यामुळे हताश होत. ती तिसरी कुठली, हे अजून त्यांच्याशिवाय कुणा माणसाला माहीत नाही. पहिल्याच शुक्रवारी एक वाक्य लिहिलं असतं, तर माहीत असतं. सात महिने, अठ्ठावीस शुक्रवार, आणि एक वाक्य! त्या दुकानातल्या वह्या आता तपकिरी असतात. कुणी विचारलं, "पूर्वी तांबड्या असायच्या ना?" की माझी सगळी पानं आजही रागाने सळसळतात.

आता मी दुकानातच असते. कव्हर नाही, पाठ नाही. सुट्या पानांचा गठ्ठा, वर दगड. पानांवर शाई, खळीचे डाग, कुठे होजाचा कप ठेवल्याचं वर्तुळ. रुमाना सकाळी घरचं आवरून येते, पडदा कधीच काढून टाकलाय, आणि जो शिकायला मागेल त्याला शिकवते. मुलगी आहे की मुलगा, हे विचारत नाही. नवऱ्याने पोटमाळ्यावर शिवणाचे दोरे आणून ठेवलेत. आय फेतिया दुपारी येऊन बसते, आणि कोण गिऱ्हाईक आलं की माझ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून सांगते, "हिला मी टांगली होती. मूर्खपणा केला."

आणि आव मुहेमिन? त्यांना एक काम आहे. लग्नात भेट द्यायला म्हणून बांधलेली प्रत्येक वही रुमाना त्यांच्यापुढे उघडून धरते. ते डाव्या हातात बोरू घेतात आणि पहिल्या पानावर आडवीतिडवी एक रेघ मारतात. थरथरती, शाई पसरलेली.

गिऱ्हाइकं चिडतात. परवाच एक बाई म्हणाली, "अहो, पण ही तर खराब झाली!"

"झाली ना?" रुमाना म्हणाली. "आता लिहा."